पाळी जाण्याच्या वयातील तक्रारी आणि निसर्गोपचार : सुरुवात कोठून करावी

मी लातूरला राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, फेब्रुवारी महिन्यात सातवीच्या वर्गात फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज मांडत असताना छातीपासून कानशिलापर्यंत अचानक अशी वाफ चढली की खडू ठेवून मी दारात जाऊन उभी राहिले. मुलांना वाटले, बाई रागावल्या. त्याआधीचे वर्षभर पाळी कधी वीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी येत होती आणि एकदा आली की आठ-नऊ दिवस थांबत नव्हती. घरी सासूबाई म्हणाल्या, "सगळ्याच बायांचं असं होतंय, सोसायचं असतंय." शेजारच्या वहिनींनी पिशवी काढून टाकण्याचा सल्ला दिला, म्हणजे एकदाची कटकट मिटते. मी सोसत बसले नाही आणि पिशवीही काढली नाही. त्याऐवजी तिसरीच चूक केली. एकही तपासणी न करता मी एका निसर्गोपचार शिबिरात जाऊन बसले. त्याची हकिकत पुढे आठव्या पायरीत येईल.

आज मी बावन्न वर्षांची आहे, माझी पाळी थांबलेली आहे आणि निसर्गोपचारातील काही गोष्टी माझ्या दिनक्रमात कायमच्या बसलेल्या आहेत. मी डॉक्टर नाही. परंतु कोणती गोष्ट आधी करावी आणि कोणती नंतर, हे मला उलट क्रमाने शिकावे लागले, म्हणून तो क्रम येथे सरळ करून लिहीत आहे.

१. शरीरात काय चालले आहे ते समजून घ्या

सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. भारतीय स्त्रियांत हे वय सरासरी ४६ ते ४७ वर्षे आहे. त्याआधीची काही वर्षे, कोणाला दोन तर कोणाला आठ, बीजकोशांतून तयार होणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण वरखाली होत राहते आणि बहुतेक त्रास याच काळातला असतो. पाळीची अनियमितता, अंगातून वाफा येणे, रात्री घामाने गाऊन भिजणे, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, चिडचिड, सांधे आखडणे, खोकले की लघवीचे थेंब जाणे, ही त्याची ओळखीची लक्षणे होत.

अडचण अशी की यांतील निम्मी लक्षणे रक्त कमी असल्यानेही होतात आणि थायरॉइडच्या बिघाडानेही होतात. थकवा, केस गळणे, वजन वाढणे आणि अनियमित पाळी एवढ्यावरून थायरॉइड आणि पाळी जाण्याचा काळ यांत फरक करणे अनुभवी डॉक्टरांनाही तपासणीशिवाय जमत नाही. सांध्यांचेही तसेच आहे. नांदेड जिल्ह्यातील किनवटसारख्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने हाडे आणि सांधे आखडण्याचा त्रास आहे, तेथील बाईने गुडघेदुखीचे खापर फक्त वयावर फोडू नये.

२. मातीपट्टीच्या आधी रक्ततपासणी करा

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. पुढील तपासण्या बहुतेक शासकीय रुग्णालयांत होतात: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, लघवीची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी. तिशीनंतरच्या स्त्रियांची गर्भाशयमुखाची आणि स्तनांची तपासणी शासनाच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात मोफत होते. आपल्या भागातील आशाताईंना विचारले, तर कोणत्या वारी कोठे तपासणी असते ते त्या सांगतात. मोठ्या तपासणीसाठी संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय संस्था आणि नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय महाविद्यालय आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा. दहानंतर गेल्यास ती खेप वाया गेली असे समजा.

सोबत एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये हे ठेवा:

- आधार कार्ड, आयुष्मान कार्ड आणि आभा क्रमांक
- जुने सगळे रिपोर्ट, तारखेनुसार लावलेले
- चालू गोळ्यांची पाकिटे (नाव आठवत नसेल तर रिकामे पाकीट चालते)
- मागील सहा पाळ्यांच्या तारखा आणि प्रत्येक वेळी किती दिवस गेले याची नोंद
- आई, मावशी, बहीण यांपैकी कोणाला स्तनाचा, बीजकोशाचा वा गर्भाशयाचा कर्करोग झाला असल्यास ती माहिती

माझे हिमोग्लोबिन पहिल्या तपासणीत ८.२ निघाले. स्त्रियांत १२ च्या खाली गेले की रक्तक्षय मानतात. म्हणजे ज्याला मी "वयाचा थकवा" म्हणत होते तो सरळ रक्ताचा तुटवडा होता, आणि महिन्यामागून महिने जाणारे जास्तीचे रक्त हे त्याचे कारण होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता, तेव्हा मी काही वेगळी नव्हते.

पुढील गोष्टींपैकी एकही असेल, तर निसर्गोपचाराचा विचार तूर्त बाजूला ठेवून त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्ताचा डाग दिसणे, मग तो एकच का असेना. तासातासाला पॅड बदलावा लागणे किंवा मोठ्या गाठी पडणे. संबंधानंतर रक्त जाणे. स्तनात गाठ लागणे. काही आठवडे पोट सतत फुगलेले राहणे. कारण नसताना वजन उतरणे. "पाळी परत आली, अजून तरुण आहे मी" असे हसत सांगणारी माझी एक नातेवाईक होती. तिच्या गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी आठ महिने उशिरा झाली, एवढेच येथे लिहिते.

पिशवी काढण्याविषयी मराठवाड्यात वेगळे लिहिलेच पाहिजे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कर्करोग किंवा दुसऱ्या कशानेही न थांबणारा रक्तस्राव असेल तेव्हा ही शस्त्रक्रिया जीव वाचवते, यात वाद नाही. परंतु गर्भाशयातील कर्करोगाच्या नसलेल्या (फायब्रॉइडच्या) लहान गाठी पाळी गेल्यावर बहुधा आपोआप आक्रसतात, रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचे संप्रेरकाचे साधन आहे. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती होते आणि हाडांची झीज लवकर सुरू होते. म्हणून "उद्याच दाखल व्हा" असे कोणी म्हटल्यास सोनोग्राफीचा कागद घेऊन दुसऱ्या, शक्यतो शासकीय, डॉक्टरांचे मत घ्या. बीजकोश ठेवणार की काढणार, हा प्रश्न तोंडाने विचारा.

३. एक वही घाला

दोनशे पानी वही पुरते. माझ्या वहीत प्रत्येक दिवसाला पाच रकाने होते: झोप किती तास, वाफा किती वेळा, रक्त गेले का आणि किती पॅड, पोट साफ झाले का, आणि मन कसे होते. शेवटच्या रकान्यात मी शाळेप्रमाणे दहापैकी गुण देत असे. पहिले दोन आठवडे काहीही न बदलता नुसते लिहा. नंतर एका वेळी एकच बदल करा आणि त्याला निदान तीन आठवडे द्या. सोमवारपासून चहा बंद, पहाटे योग, रात्री फलाहार आणि दुपारी मातीपट्टी असे सगळे एकदम सुरू केलेल्या माझ्या दोन्ही मैत्रिणींचे सगळे एकदमच बंद पडले.

वहीने मला एक गोष्ट दाखवली जी मी एरवी मान्य केली नसती. माझ्या वाफांपैकी बहुतेक दुपारच्या चहानंतरच्या तासात येत होत्या. आणि शाळेत दुपारचा चहा दोनदा होतो.

४. ताट बदला, पण आपले ताट ठेवा

निसर्गोपचाराची पुस्तके पाहिली की ब्रोकोली आणि ऑलिव्ह तेल दिसते, आणि औशाच्या बाजारात ते शोधत फिरणारी बाई दोन दिवसांत कंटाळते. मराठवाड्याच्या जुन्या ताटात या वयाला लागणारे जवळजवळ सगळे आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडी, राजगिरा, शेवग्याचा पाला, करडईची कोवळी भाजी, जवसाची आणि कारळाची चटणी, ताक. मधल्या काळात ताटात आले ते मैद्याचे टोस्ट, फरसाण आणि स्वस्त तेल. बदल करायचा तो तेथे.

कॅल्शियमपासून सुरुवात करा. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम लागते, कारण इस्ट्रोजेन गेल्यावर पहिल्या काही वर्षांतच हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. पेलाभर दुधातून साधारण २४० मिलिग्रॅम मिळते, पांढऱ्या तिळातूनही बरेच मिळते. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असते. नाचणी आपल्याकडची नव्हे, किराणा दुकानातून आणावी लागते, म्हणून मी ज्वारीच्या पिठात चौथा हिस्सा नाचणी दळून आणते. त्यापेक्षा जास्त घातली की भाकरी थापताना चिरते आणि घरातील पुरुष मंडळी ती ताटात ठेवून उठतात. तिळाची चटणी मात्र रोज लागते. संक्रांतीला वर्षाचे तीळ खाऊन चालत नाही.

रक्तासाठी लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर त्या घ्याच. हिमोग्लोबिन आठवर असताना बीट आणि खजूर खाऊन ते बारावर नेण्याची वाट पाहणे म्हणजे सहा महिने उगाच दमणे होय. आहार त्या गोळ्यांना मदत करतो. बाजरीत ज्वारीपेक्षा लोह अधिक आहे, हिवाळ्यात ती खावी. पालेभाजीवर लिंबू पिळावे, कारण क जीवनसत्त्वाने वनस्पतींतील लोह अधिक शोषले जाते. जेवणाला लागून चहा घेऊ नये, एक तासाचे अंतर ठेवावे. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि लोह वा कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी. ही वेळापत्रके दिसायला किचकट आहेत, म्हणून मी ती कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवली.

प्रथिनांकडे आपण बायका सर्वांत कमी पाहतो. आमटीचे वरचे पाणी आपल्या वाट्याला आणि खालची डाळ मुलांना, ही वाढण्याची पद्धत माझ्या ताटातून जायला दोन वर्षे लागली. लातूरचा बाजार सोयाबीनने भरलेला असतो, तरी ते आपण विकतो आणि खात नाही. सोयाबीन कच्चे खाऊ नये. भाजून, नऊ वाट्या गव्हाला एक वाटी या प्रमाणात दळून आणले तर पोळीला वास येत नाही. त्यातील आयसोफ्लेवोन हे घटक इस्ट्रोजेनशी थोडे साधर्म्य दाखवतात आणि काही स्त्रियांच्या वाफा त्याने थोड्या कमी होतात. मोठी अपेक्षा ठेवू नका. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर सोयाबीनच्या अर्काच्या गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

तेल माणशी दिवसाला चार ते पाच चहाचे चमचे, मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. लोणचे आणि पापड मोजले की ही मर्यादा किती लवकर भरते ते कळते.

उपवासांबद्दल दोन शब्द, कारण तुळजाभवानीच्या या मुलखात नवरात्राचे नऊ दिवस कोणी सोडत नाही आणि मीही सोडत नाही. साबुदाणा, शेंगदाणे आणि बटाटा यांवर नऊ दिवस काढले तर पोट फुगते आणि साखर वाढते. भगर, राजगिऱ्याची भाकरी, ताक, दूध आणि फळे यांवर उपवास नीट होतो. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर नवरात्राच्या आधीच डॉक्टरांना भेटून मात्रा ठरवून घ्या, कारण न खाता गोळी घेतली तर साखर एकदम उतरते.

५. चालणे, वजन उचलणे आणि ऊन

आठवड्यातून १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे. "घरात दिवसभर कामच करते की" हे उत्तर मीही देत असे. धुणे-भांडी करताना दम लागत नाही आणि कंबर मात्र वाकलेली राहते, म्हणून ते या हिशेबात धरू नये. शेतात खुरपणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी, तिला चालण्यापेक्षा पाठ सरळ करणारी आसने आणि विसावा अधिक लागतो.

ताकदीसाठी मी एक लिटरच्या दोन बाटल्यांत पाणी भरून हात वरखाली करते, आणि खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठते-बसते. सेतुबंधासन, भुजंगासन आणि भिंतीला टेकून ताडासन ही आसने पुरेशी आहेत. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान असेल तर पुढे खोल वाकण्याची आसने करू नका, मणक्यावर दाब येऊन तो दबू शकतो.

लघवीचे थेंब जात असतील, तर लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात तेच स्नायू पाच सेकंद आवळून सोडावेत, एका वेळी दहा, दिवसातून तीनदा. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. हा व्यायाम मी वर्गात परीक्षेवर देखरेख करताना करते, कोणाला कळत नाही.

उन्हाबाबत आपल्याकडे गंमत आहे. वर्षाचे तीनशे दिवस कडक ऊन पडते आणि तरीही बायकांच्या रिपोर्टमध्ये ड जीवनसत्त्व कमी येते, कारण आपण उन्हात जातो ते डोक्यापासून पायापर्यंत झाकून. हिवाळ्यात दहाच्या सुमारास गच्चीवर हात आणि पाय उघडे ठेवून वीस मिनिटे बसा. एप्रिल-मे महिन्यात हा प्रयोग करू नका. ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या आठवडी गोळ्या डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितल्या असतील तर आठच घ्या. दुकानातून आणून वर्षभर घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते.

६. झोप, वाफा आणि मन

रात्रीचे जेवण साडेसातच्या आत, दुपारी तीननंतर चहा नाही, झोपण्याच्या जागी सुती चादर आणि उशाशी पाण्याचा तांब्या. माठात वाळ्याची जुडी टाकलेले पाणी उन्हाळ्यात मला फार मानवते. वाफ चढू लागली की चार आकडे मोजत श्वास आत आणि सहा आकडे मोजत बाहेर, असे दोन मिनिटे करावे. त्याने वाफ येणे थांबत नाही, घाबरणे थांबते, आणि वर्गात उभे असताना तेवढेही पुरते. शीतली आणि भ्रामरी हे प्राणायाम रात्री करावेत. वजन जास्त असेल तर ते थोडे जरी उतरले तरी वाफा कमी होतात, हा अनुभव माझा आणि माझ्या भावजयीचा सारखाच आहे.

वाफांनी जगणे अवघड झाले असेल, तर त्यावर सर्वांत परिणामकारक उपचार संप्रेरकांचाच आहे. तो कोणाला द्यावा आणि कोणाला देऊ नये, हे स्त्रीरोगतज्ज्ञ तपासून ठरवतात. निसर्गोपचार करणारीने त्याचे नाव काढू नये, असे काही नाही. योनीतील कोरडेपणा आणि त्यामुळे होणाऱ्या वेदनाही डॉक्टरांना सांगाव्यात, त्यासाठी साधी मलमे आहेत.

दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, जगणे नको वाटत असेल, तर ते पाळीवर ढकलू नका. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते.

७. घरी करता येणारे उपचार

*मातीपट्टी.* माती तीन-चार फूट खोलीवरची, खत आणि फवारणीचे औषध न लागलेली हवी. म्हणजे कापसाच्या वा सोयाबीनच्या रानातील वरची माती चालत नाही. आमच्याकडे विहिरीचे काम चालू असताना मी दोन घमेली आणून ठेवली. ती उन्हात वाळवून, खडे काढून, चाळून रात्री मातीच्या भांड्यात भिजवावी. आपली काळी माती इतकी चिकट असते की कापडाला धरून बसते, म्हणून मी तिच्यात मूठभर धुतलेली बारीक वाळू मिसळते. जुन्या धोतराच्या तुकड्यावर वीतभर लांब आणि बोटभर जाड थर पसरून, कापड दुमडून, ती पट्टी उपाशीपोटी बेंबीखाली वीस ते तीस मिनिटे ठेवावी. पोटाला गारवा मिळतो, शौचाला साफ होण्यास मला त्याचा उपयोग झाला आणि ती वीस मिनिटे कोणी हाक मारत नाही, हा फायदाही लहान नाही. तिने फायब्रॉइडची गाठ विरघळते असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पाळीच्या दिवसांत, सर्दी-तापात आणि जखमेवर पट्टी ठेवू नये.

*कटिस्नान.* जर्मनीच्या लुई कुन्हे यांनी रूढ केलेला हा उपचार. टबात असे बसायचे की पाणी बेंबीपर्यंत येईल आणि पाय बाहेर राहतील, मग ओल्या फडक्याने ओटीपोट हलकेच चोळायचे. दहा ते पंधरा मिनिटे पुरेत, नंतर अंग पुसून थोडे चालावे. जेवणानंतर तीन तास तरी जाऊ द्यावेत. मी प्रथम माळ्यावरचे आजेसासूबाईंचे तांब्याचे घंगाळ काढले. त्यात नीट बसता आले नाही, आणि बसल्यावर उठता आले नाही. शेवटी पाठीला टेकू असलेला प्लास्टिकचा टब आणला. टबाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागते. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेथे राहून रोज एवढे पाणी बसण्यासाठी वापरणे माझ्या जिवावर येते, म्हणून मी आठवड्यातून दोनदाच करते आणि ते पाणी शेवग्याला घालते. पाळी चालू असताना, लघवीला जळजळ असताना आणि हृदयविकार असल्यास विचारल्याशिवाय हे करू नये.

*गरम पाण्यात पाय.* झोपण्यापूर्वी पेलाभर पाणी पिऊन, डोक्यावर ओले फडके ठेवून, सोसवेल अशा गरम पाण्याच्या बादलीत दहा मिनिटे पाय सोडावेत. पाणी कोपराने पाहावे, पायाने नव्हे. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर हा उपचार अजिबात करू नका, भाजलेले कळत नाही. पायांवर फुगलेल्या शिरा असतील तरीही नको.

बाष्पस्नान आणि एनिमा घरी करू नयेत. वाफांनी हैराण झालेल्या आणि रक्तदाब असलेल्या बाईने बाष्पपेटीत बसण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

८. केंद्रात जायचे असेल तर

आता त्या शिबिराची हकिकत. तेथे पहिल्याच दिवशी सर्वांच्या गोळ्या एका डब्यात जमा करून घेतल्या आणि तीन दिवस दुधीचा रस व लिंबूपाणी दिले. माझे हिमोग्लोबिन कोणी विचारले नाही, मलाही ते माहीत नव्हते. तिसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीघरात मी चक्कर येऊन पडले, कपाळाला चार टाके पडले. तेथील "डॉक्टर" पत्राने पदविका घेतलेले होते, हे नंतर कळले. शेजारच्या खाटेवरील बाईंची रक्तदाबाची गोळीही त्याच डब्यात होती.

आयुर्वेद, युनानी यांसाठी जो राष्ट्रीय आयोग आहे त्याच्या कक्षेत निसर्गोपचार येत नाही, त्यामुळे पाटी कोणीही लावतो. आपणच विचारावे लागते. बी.एन.वाय.एस. ही निसर्गोपचार आणि योगशास्त्राची, अंतर्वासितेसह (इंटर्नशिपसह) साडेपाच वर्षांची पदवी आहे, ती आहे का ते पाहा. दाखल होण्यापूर्वी रिपोर्ट मागतात का, रात्री डॉक्टर असतो का, तब्येत बिघडल्यास कोठे हलवतात, हे विचारा. चालू गोळ्या बंद करायला सांगतात का, हेही विचारा, आणि उत्तर "हो" असेल तर तेथूनच परत फिरा. मासिक पाळीची अपेक्षित तारीख टाळून नोंदणी करा, नाहीतर निम्मे उपचार हुकतात आणि पैसे मात्र पूर्ण जातात.

आपल्याला जवळची नावाजलेली ठिकाणे पुण्याकडे आहेत. उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९४६ मध्ये सुरू झाला. तो सोलापूर-पुणे मार्गावरच असल्याने लातूरहून सोलापूर रस्त्याने जाणाऱ्या बसने वाटेतच उतरता येते. पुण्यातच बापू भवनात केंद्र शासनाची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे, तेथे बाह्यरुग्ण विभाग चालतो. निवासासाठी आधी नोंदणी लागते. सोबत फाइल, गोळ्या, दोन सुती गाऊन, जुने टॉवेल आणि सपाट चपला न्याव्यात. विमा असेल तर या उपचारांना तो लागू आहे का, ते निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्या.

आठ-दहा दिवसांत वजन दोन-तीन किलो उतरते आणि फार हलके वाटते. त्यातील बराच भाग पाण्याचा असतो, घरी येऊन पंधरा दिवसांत परत येतो. राहते ते तेथे लागलेले जेवणाचे आणि झोपेचे वेळापत्रक, तेवढे घरी चालवता आले तर.

९. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा

हिमोग्लोबिन, आणि बिघडलेले असेल तर टीएसएच व साखर, तीन महिन्यांनी पुन्हा करा. हिमोग्लोबिन बारावर आले तरी लोहाच्या गोळ्या पुढे साधारण तीन महिने चालू ठेवायला सांगतात, कारण शरीरातील साठा भरायचा असतो. रक्तदाब किंवा साखर सुधारली असेल तर गोळी कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांवर सोडा आणि त्यांना वही दाखवा. माझ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा ती वही हातात घेतली तेव्हा चष्मा लावून तिची सगळी पाने उलटली, मनाच्या रकान्यातील दोन-तीन गुणांच्या ओळीवर बोट ठेवून "त्या आठवड्यात काय झालं होतं?" असे विचारले, आणि बाहेर पंधरा जणी बसलेल्या असताना माझे उत्तर संपेपर्यंत ऐकून घेतले.